आतून कडी कुणी लावलीय?

मने, काल रात्री साडेअकराला तुझं नाव फोनवर दिसलं आणि माझ्या हातातली कढई सिंकमध्ये पडली. इतक्या उशिरा फोन म्हणजे आईला काहीतरी झालं, हेच पहिलं मनात आलं. मग तू रडत रडत सांगितलंस की लॉक सुटत नाहीये. रागावू नकोस, पण मला हायसं वाटलं गं.

फोनवर नीट बोलता आलं नाही. तुझ्या मागे कुणीतरी दर दोन मिनिटांनी "अजून किती वेळ?" विचारत होतं, आणि इकडे आमचे हे झोपेत कूस बदलून बदलून मला खुणावत होते. आज रविवार आहे, पोरं खाली खेळायला गेलीत, चहाचा दुसरा कप समोर आहे. आता सावकाश सांगते. मध्ये मध्ये वाहवत जाईन, तेवढं सोस.

आधी तू काय केलंस ते मला कळलंय तसं मांडते. चुकलं असेल तर सांग. रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून सुटतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला नऊ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर एक लॉक फाइल उघडायची, फ्लॉक कमांडने तिला लॉक लावायचं, आणि लॉक मिळालं नाही तर 'आधीचं काम चालू आहे' म्हणून गप बाहेर पडायचं. हे अगदी शिष्टसंमत आहे, मीही असंच लिहिते. पण तीन रात्री स्क्रिप्ट नुसतीच बाहेर पडत होती. तू शहाण्यासारखी प्रॉकमधली लॉक्स नावाची फाइल उघडलीस आणि तुला ही ओळ दिसली:

१: फ्लॉक ॲडव्हायझरी राइट ४१२७ ०८:०२:१३१५०७२ ० ईओएफ

४१२७ हा प्रोसेसचा नंबर. तू पीएस मारून बघितलंस, त्या नंबरची प्रोसेस खरंच जिवंत होती. मग काय, उडवलीस. लॉक जागच्या जागी राहिलं, आणि ती बिचारी प्रोसेस रिपोर्टवाल्यांची निघाली. त्यांचं काम थांबलं, ते धावत आले, आणि तुझं नाव तिकिटावर चढलं.

मने, तुझ्या जागी मी असते तर तुझ्या वयात मीही हेच केलं असतं. त्या ओळीत सरळ नंबर लिहिलेला आहे. कर्नलनेच लिहिलाय. कर्नल कशाला खोटं बोलेल? आणि खरं म्हणजे तो खोटं बोललाही नाही. तो फक्त तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. तू विचारत होतीस, 'लॉक आत्ता कुणाकडे आहे?' तो सांगत होता, 'लॉक लावलं तेव्हा दारात कोण उभं होतं.' या दोन प्रश्नांतलं अंतर तुझ्या डोक्यात एकदा पक्कं बसवायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आजोबांच्या गिरगावातल्या चाळीत तू फारशी राहिली नाहीस, मी राहिलेय. मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. दार ढकलायचं, उघडलं नाही तर आत कुणीतरी आहे. कोण आहे ते कळायला मार्ग नाही, कडी बोलत नाही. मग आपला डबा दाराशी ठेवायचा आणि गॅलरीत उभं राहायचं. आतला बाहेर पडला, डबा दिसला, की हाक मारायचा.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये फाइलचं लॉक हुबेहूब असंच होतं. प्रत्येक उघड्या फाइलच्या आयनोडमध्ये एक झेंड्यांचा बाइट असायचा. त्यातला एक बिट 'आय-लॉक', म्हणजे कडी. दुसरा 'आय-वाँट', म्हणजे दाराशी ठेवलेला डबा. दार बंद दिसलं की प्रोसेसने आय-वाँट लावायचं आणि झोपायचं. जाग आली की पुन्हा पहिल्यापासून दार ढकलून बघायचं. आत कोण आहे याची नोंद कुठेच नाही. गरजही नव्हती. ती कडी कर्नलच्या आतल्या कामापुरती असायची, एका सिस्टिम कॉलमध्ये लागायची आणि निघायची. पण प्रोग्रामरने कर्नलमध्ये चूक केली, एकाने लावलेली कडी दुसऱ्याने काढली, तर त्याला बोल लावायला कर्नलकडे पुरावा नव्हता.

त्याच सहाव्या आवृत्तीच्या धाटणीवर एमआयटीच्या मास्तरांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक्सव्ही-सिक्स लिहिली. तू कॉलेजात वरवर चाळलीस ती. आता नीट वाच, एका आठवड्याचं काम आहे. त्यातलं 'स्लीपलॉक' बघ. कडीच्या बिटाशेजारी एक साधा आकडा ठेवलाय, पीआयडी नावाचा. लॉक घेतलं की घेणाऱ्या प्रोसेसचा नंबर तिथे लिहायचा, सोडलं की शून्य. आणि आयनोडचं लॉक सोडायच्या आधी तपासायचं की नंबर माझाच आहे ना. नसेल तर पॅनिक, सगळं तिथेच ठप्प. एवढ्याशा आकड्याने केवढा फरक पडतो बघ. दारावर पाटी आली. कोण आत आहे ते कळायला लागलं, आणि ज्याने कडी लावली त्यानेच काढायची हा नियम पाळून घेता यायला लागला.

पण तुझं कालचं लॉक या जातीचं नाही. स्लीपलॉक कर्नलच्या आतलं, क्षणभराचं. तुझं बाहेरच्या प्रोग्रामने मागितलेलं, तासन्‌तास, दिवसन्‌दिवस धरून ठेवलेलं. तेवढ्या वेळात मालक मरतो, त्याला पोरं होतात, तो दुसराच प्रोग्राम होऊन बसतो, त्याचे चार धागे होतात. मग 'मालक कोण' याचं उत्तर एका आकड्यात मावेनासं होतं. इथून खरी गंमत सुरू होते. चहा गार झाला माझा, थांब.

हं. तर दोन घराणी आहेत. एक फ्लॉकचं, जे १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर आलं. दुसरं एफसीएनटीएलचं, जे १९८८ च्या पहिल्या पॉझिक्स प्रमाणात बसलं. दोन्ही 'फाइल लॉक' म्हणवतात, आणि लिनक्सवर एकाच मशीनवरच्या फाइलसाठी एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एकाने फ्लॉक लावलं आणि दुसऱ्याने त्याच फाइलवर एफसीएनटीएल मागितलं, तर दोघांनाही मिळतं. भांडण नको म्हणून हे चांगलंय असं समजू नकोस, दोघेही एकाच वेळी लिहीत असतात.

एफसीएनटीएलवाल्यांचं म्हणणं, मालक म्हणजे प्रोसेस. सरळ वाटतं ना? तिथे विचारायची सोयही छान आहे. 'गेट-लॉक' करून विचारलं की कर्नल सांगतो, अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत अमुक पीआयडीचं लॉक आहे. उबुंटूवर एपीटी कधी कधी अडून बसते आणि सांगते की अमुक नंबरच्या प्रोसेसने लॉक धरलंय, नावही देते, ते याच वाटेने विचारून. या घराण्यात तो नंबर बहुतेक वेळा खरा असतो, कारण प्रोसेस मेली की तिची ही लॉक्स तिच्याबरोबरच जातात.

पण बाई गं, यांचे नियम ऐकलेस तर कपाळाला हात लावशील. प्रोसेसला मूल झालं तर लॉक मुलाकडे जात नाही. त्यामुळे एखादी सेवा आधी लॉक घेते, मग पार्श्वभूमीत जायला फोर्क करते आणि आई प्रोसेस निरोप घेते, की लॉक गेलं. मूल समजतं घर आपलंच आहे. त्याहून वाईट म्हणजे बंद करण्याचा नियम. एका प्रोसेसने एकच फाइल दोन वेगवेगळ्या डिस्क्रिप्टरांनी उघडली, एकावर लॉक लावलं, आणि दुसरा नुसता बंद केला, तरी त्या फाइलवरची त्या प्रोसेसची सगळी लॉक्स सुटतात. दुसऱ्या डिस्क्रिप्टरचा लॉकशी काडीचा संबंध नसला तरी. तो बंद तू केलास असंही नाही. तू वापरलेल्या एखाद्या लायब्ररीने आतल्या आत फाइल उघडली, चार ओळी वाचल्या, सभ्यपणे बंद केली, आणि तुझ्या पायाखालची सतरंजी गेली. ना एरर, ना इशारा.

सासूबाईंकडे पूर्वी असं एक कपाट होतं. त्याचा कुठलाही खण जोरात लावला की बाकीचे सगळे खण उघडायचे. त्या म्हणायच्या, सवय होते. मला नाही झाली.

रिचर्ड हिप यांच्या एसक्यूलाइटला यावर केवढी कसरत करावी लागली ते त्यांच्या युनिक्सच्या फाइलमध्ये लांबलचक टिपणात लिहिलेलं आहे. वेळ काढून वाच, वैताग कसा शब्दबद्ध करावा याचा नमुना आहे. तुझ्या माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच डेटाबेस बसलेला आहे. ते करतात काय, की एका प्रोसेसमध्ये एकाच आयनोडवर कितीही जोडण्या असल्या तरी त्यांचा हिशेब स्वतः एका ठिकाणी ठेवतात. कुणी जोडणी बंद करायला आलं आणि अजून लॉक शिल्लक असेल, तर डिस्क्रिप्टर खरोखर बंद करत नाहीत. बाजूला काढून ठेवतात, शेवटचं लॉक सुटल्यावर मग बंद. म्हणजे कर्नलने जी मालकी नीट ठेवली नाही, ती यांनी आपल्या वहीत ठेवली. लॉकसाठी ते फाइलच्या एक गिगाबाइटच्या खुणेशी ५१२ बाइट राखून ठेवतात: एक बाइट पेंडिंगचा, एक रिझर्व्ह्डचा, उरलेले ५१० वाचकांसाठी. तिथे कधी डेटा लिहीत नाहीत. आणि म्हणूनच, चालू प्रोग्राममध्ये एसक्यूलाइटची फाइल स्वतः उघडून 'जरा कॉपी करते' म्हणून वाचून बंद करायची नाही. तुमच्या बॅकअपमध्ये असं काही आहे का ते उद्याच बघ.

आणि कर्नल ही 'प्रोसेस' ओळखतो कशी? इथे कान दे, कारण कालच्या घोटाळ्याची चावी इथेच आहे. लिनक्समध्ये प्रत्येक लॉकच्या नोंदीत दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी असतात. एक 'ओनर', एक 'पीआयडी'. हे लॉक माझं की परक्याचं, अडवायचं की सोडायचं, हे सगळे निर्णय ओनर बघून होतात. पीआयडी फक्त आपल्यासारख्या माणसांना दाखवायला ठेवलाय. आणि ओनर हा आकडा नाहीच. तो पत्ता आहे, मेमरीतल्या कुठल्या तरी वस्तूकडे बोट. एफसीएनटीएलच्या लॉकसाठी ती वस्तू म्हणजे प्रोसेसच्या उघड्या फाइलींचा तक्ता. फ्लॉकसाठी ती वस्तू म्हणजे खुद्द ती उघडलेली फाइल. फाइलचं नाव नव्हे, आयनोडही नव्हे, ओपन केल्यावर कर्नलने तयार केलेली ती एक नोंद.

एका प्रोसेसचे सगळे धागे तक्ता एकच वापरतात, म्हणून दोन धाग्यांनी एकाच बाइटवर लिहायचं लॉक मागितलं तर कर्नलच्या लेखी तो एकच मालक, दोघांनाही हो म्हणतो. एफसीएनटीएलचं लॉक लावून धाग्यांची मारामारी सोडवता येईल असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठव.

आता तुझं फ्लॉक. मालक म्हणजे उघडलेल्या फाइलची ती नोंद. फोर्क झालं की मुलाला आईचे डिस्क्रिप्टर मिळतात, पण नोंद नवी होत नाही, दोघंही त्याच नोंदीकडे बोट दाखवतात. म्हणजे लॉक दोघांचं. जोवर कुणाचं एकाचं जरी बोट त्या नोंदीवर आहे, तोवर लॉक जिवंत. शेवटचं बोट उचललं गेलं, किंवा त्यातल्या कुणी स्वतःहून लॉक सोडलं, की सुटलं.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये काय झालं ते आता पायरी पायरीने बघ. शेलने नऊ नंबरवर फाइल उघडली. मग शेलने फ्लॉक नावाची कमांड चालवली, ती वेगळी प्रोसेस, तिचा नंबर ४१२७. तिला नऊ नंबर वारशाने मिळाला, तिने त्यावर लॉक लावलं, आणि काम झालं म्हणून निघून गेली. पापणी लवायच्या आत मेली गं ती. पण नोंदीवर शेलचं बोट आहे, म्हणून लॉक टिकलं, आणि तसंच टिकावं ही तर या युक्तीची सगळी मजा आहे. कर्नलच्या वहीत मात्र नंबर राहिला ४१२७. तीन दिवस ती ओळ मेलेल्या बाईचं नाव सांगत होती.

आणि तुमच्या त्या जुन्या मशीनवर पीआयडीची मर्यादा अजून ३२,७६८ आहे असं तूच म्हणालीस. क्रॉन, शेल, छोट्या छोट्या कमांडी, दिवसाला हजारो प्रोसेस येऊन जातात. आकडे संपले की पुन्हा खालून सुरू. कधीतरी ४१२७ फिरून रिपोर्टवाल्यांच्या वाट्याला आला. मेलेल्या भाडेकरूचा खोली नंबर नव्या भाडेकरूला दिला, आणि तू जुन्याची थकबाकी नव्याकडून वसूल करायला गेलीस. नव्या मशीनवर सिस्टिमडी ही मर्यादा ४१ लाख ९४ हजारांच्या वर नेऊन ठेवते, त्यामुळे नंबर परत फिरायला वेळ लागतो. वेळ लागतो एवढंच; फिरत नाही असं नाही.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? कर्नलवाल्यांना हे माहीत आहे. लॉकच्या कोडमध्ये पीआयडीचं भाषांतर करणारं एक छोटं फंक्शन आहे, त्यात टीप लिहिली आहे की फ्लॉकचा मालक मेलेला असला, त्याचा नंबर मोकळा झालेला असला, तरी आम्हाला तो नंबर दाखवायचाच आहे. जाणूनबुजून केलेलं आहे. मला आधी राग आला होता, मग पटलं. मेलेल्याचा का होईना, माग तरी लागतो. काहीच न दाखवण्यापेक्षा बरं. फक्त वाचणारीला ठाऊक हवं की ही हजेरी नाही, ही जन्मनोंद आहे.

मग लॉक खरंच कुणी धरलंय? शेल तर त्या तीन रात्रींच्या आधीच संपली. मने, तुझ्या स्क्रिप्टमध्ये शेवटी एक प्रोसेस अँपरसँड लावून मागे सोडली आहे, ती लॉग पाठवणारी. तू फोनवर ओझरतं बोललीस. तिच्याकडे नऊ नंबर वारशाने गेला. तिला त्याचं काही देणंघेणं नाही, तिला माहीतही नाही. पण तिचं बोट आहे नोंदीवर. माझी शंभर टक्के खात्री नाही, पण ऐंशी टक्के आहे.

खात्री अशी कर. प्रत्येक प्रोसेसच्या प्रॉकमधल्या फोल्डरात 'एफडीइन्फो' म्हणून फोल्डर असतं, त्यात एका डिस्क्रिप्टरची एक फाइल. लिनक्स ४.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, त्या डिस्क्रिप्टरवर लॉक असेल तर तिथे 'लॉक' अशी एक ओळ येते. रूट होऊन सगळ्या प्रोसेसच्या एफडीइन्फोमध्ये तुला दिसलेल्या त्या ओळीतला आयनोड नंबर ग्रेप कर, १३१५०७२. जी ओळ सापडेल तिच्यात पुन्हा ४१२७ च लिहिलेलं असेल. त्याच्याकडे बघू नकोस! ओळ कुणाच्या फोल्डरात सापडली ते बघ. तो फोल्डरचा नंबर म्हणजे आत्ता, या क्षणी, ज्याचं बोट त्या नोंदीवर आहे तो. दोन-तीन फोल्डरांत सापडली तर दोघं-तिघं धरून आहेत.

सापडली की लगेच उडवू नकोस, पाया पडते. आधी ती काय करतेय ते बघ, कुणाची आहे ते विचार, मग साध्या किलने विचारून थांबव, नऊ नंबरच्या सिग्नलने नाही. (नऊ नऊ झालं सगळं, लॉकही नऊवर आणि सिग्नलही नऊ, माझा दोष नाही.) आणि स्क्रिप्टमध्ये मागे सोडायच्या प्रोसेसच्या ओळीवरच नऊ नंबर बंद करून टाक. शेलला ती सोय आहे, नऊच्या पुढे बाण, अँड आणि उणे चिन्ह. सीमध्ये लिहिलेलं असतं तर फाइल उघडतानाच 'क्लोज ऑन एक्झेक' लावायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

हे कंटेनरमध्ये शोधायला बसलीस तर आणखी एक चकवा आहे. तिथल्या लॉक्सच्या यादीत बाहेरच्या प्रोसेसची लॉक्स दाखवतच नाहीत, आणि गेट-लॉकने विचारलं तर परक्या घरच्या मालकाचा पीआयडी शून्य येतो. लॉक मिळत नाही, आणि यादीत कुणीच नाही. भुताटकी नाही ती, कंटेनरच्या बाहेरून, मशीनवरून बघ. एनएफएसवर तर मालक दुसऱ्याच मशीनवर असू शकतो, तिथला नंबर इथे रद्दी.

एफसीएनटीएलच्या त्या बंद करण्याच्या आणि धाग्यांच्या नियमांना कंटाळूनच जेफ लेटन यांनी तिसरं घराणं आणलं, २०१४ च्या जूनमध्ये लिनक्स ३.१५ बरोबर. ओएफडी लॉक्स म्हणतात. एफसीएनटीएलसारखी बाइटांच्या पट्ट्यावर लागतात, पण मालक फ्लॉकसारखा, उघडलेल्या फाइलची नोंद. दुसरा डिस्क्रिप्टर बंद केला म्हणून सुटत नाहीत. प्रत्येक धाग्याने फाइल वेगळी उघडली तर धाग्यांमध्येही खरी अडवणूक होते. आणि पीआयडी काय दाखवतात माहितीये? उणे एक. किती प्रामाणिक! यांनी सरळ सांगितलं की याचा मालक प्रोसेस नाही, तर प्रोसेसचा नंबर विचारूच नका. २०२४ च्या पॉझिक्समध्येही हे आता आलं. नवं काही लिहिणार असशील तर हेच वापर, माझं ऐक.

तोटा एकच, की यात गाठ बसली तर कर्नल सोडवत नाही. जुन्या एफसीएनटीएलमध्ये तू माझ्या लॉकची वाट बघतेयस आणि मी तुझ्या, असं झालं तर कर्नल मालकामागून मालक असा माग काढतो, दहा पायऱ्यांपर्यंत, आणि वर्तुळ सापडलं तर शेवटी मागणाऱ्याला नाही म्हणतो. मालक प्रोसेस असेल तर हे जमतं, कारण एका धाग्याची प्रोसेस थांबली म्हणजे थांबली. उघडलेल्या फाइलची नोंद कधी थांबत नाही. एक धागा तिच्यावर वाट बघत असेल आणि दुसरा त्याच क्षणी लॉक सोडत असेल. मग अडकलं कोण हे ठरवणार कसं? म्हणून तिथे आणि फ्लॉकमध्ये हा शोधच घेत नाहीत. थांबायची मुदत आपली आपण ठेवायची.

आता तुला आजवर न सांगितलेली गोष्ट. माझ्या पहिल्या नोकरीत, एका कंपनीत, रात्रीच्या पाळीत पॅकेज चढवताना मशीन म्हणालं की लॉक मिळत नाही, दुसरी कुठली प्रोसेस वापरतेय का? तेव्हा ते नंबरही सांगत नव्हतं. टीमच्या चिकटवहीत उपाय लिहिलेला होता: लॉकची फाइल डिलीट करा. केली. चाललं! मी खूश. लॉक फाइलच्या नावावर नसतं, आयनोडवर असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जुनी प्रोसेस जुन्या आयनोडवरचं लॉक घट्ट धरून आपलं काम करतच होती, तो आयनोड आता कुठल्याच नावाने सापडत नव्हता एवढंच. माझ्या कमांडने त्याच नावाची नवी फाइल बनवली, नवा आयनोड, त्यावर नवं लॉक. दोघीही समजत होत्या की घरात मी एकटीच आहे. दोघींनी मिळून पॅकेजांच्या यादीची खिचडी केली. सकाळी सातला रिक्षात बसून मी इतकी रडले की रिक्षावाल्याने मीटर बंद केलं आणि म्हणाला, ताई, कुणी गेलं का?

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझं नाव फळ्यावर होतं, कमांड मी मारली म्हणून. चिकटवहीत तो उपाय कुणी लिहिला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही बोलले, तेव्हा जीभ नव्हती. तुला आहे. उद्याच्या मीटिंगला जाताना ४१२७ ची ती ओळ, आणि आज एफडीइन्फोत सापडेल ती ओळ, दोन्ही कागदावर शेजारी शेजारी छापून ने. रिपोर्टवाल्यांची माफी माग, ती मागायलाच हवी, त्यांचं काम तुझ्या हातून थांबलं. पण स्क्रिप्ट कधी लिहिली गेली, त्यात मागे सोडलेली प्रोसेस कधी घुसली, ते इतिहासात बघून तेही सांग. कुणाचं नाव घेऊ नकोस, तारीख सांग फक्त. आणि टीमच्या वहीत 'लॉक्सच्या फाइलमधला पीआयडी मारा' असं कुठे लिहिलं असेल तर ते खोड, पानाचा फोटो मला पाठव.

आईला यातलं काही बोलू नकोस. तिला एवढंच कळेल की तू रात्री साडेअकराला जेवली नव्हतीस, आणि ते बोलणं मला ऐकावं लागेल. डबा लावला का गं तिकडे? की अजून मॅगीवरच आहेस?

ग्रेप करून झालं की फोल्डरचा नंबर कळव. लॉग पाठवणारीच निघाली तर मला एक पुरणपोळी, नाही निघाली तर तुला. पोरं वर आली, दोघांच्याही पायाला चिखल आहे, जाते.

ताई